किमयागारांची आम्लं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किमयेवर काही लिहिलं की सोन्यापेक्षा आम्लांबद्दलचेच प्रश्न जास्त येतात. मला त्याचा आनंद वाटतो, कारण माझ्या मते किमयागारांची सर्वांत मोलाची कमाई आम्लंच आहेत. शिशाचं सोनं कुणालाच करता आलं नाही. पण सोनं चांदीपासून वेगळं काढणं, तांब्यावर रेघ कोरणं, लोकरीवर लाल रंग पक्का बसवणं ही कामं ज्या द्रवांनी साधली, ते त्यांच्याच भट्ट्यांवर तयार झाले. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. किमयागारांच्या आधी लोकांना आम्लं माहीतच नव्हती का?

माहीत होती, पण सौम्य. लिंबाचा रस, आंबट ताक, आंबवलेली पेज आणि भूमध्य समुद्राकाठच्या देशांत व्हिनेगर. प्राचीन ग्रीक-रोमन जगाला व्हिनेगरपेक्षा तीव्र आम्ल ठाऊक नव्हतं. तरी त्यानं मोठी कामं केली. शिशाच्या पत्र्यांना त्याची वाफ लागू दिली की चित्रकारांचा सफेदा मिळायचा, तांब्याच्या पत्र्यांना लागू दिली की हिरवा जंगाल. पण चांदी आणि सोनं व्हिनेगरला अजिबात दाद देत नाहीत.

२. मग ‘खनिज आम्लं’ कोणती आणि ती कधी आली?

गंधकाम्ल म्हणजे सल्फ्युरिक, नत्राम्ल म्हणजे नायट्रिक आणि मिठापासून मिळणारं हायड्रोक्लोरिक. चौथं म्हणजे सोनं विरघळवणारं आम्लराज, पण ते मिश्रण आहे. खनिज म्हणायचं कारण एवढंच, की ती फळांपासून किंवा आंबवून मिळत नाहीत. ती हिराकस, तुरटी, सोरा (पोटॅशियम नायट्रेट), मीठ अशा खनिजांना तापवून निघतात.

युरोपात नत्राम्लाची स्पष्ट कृती इसवी सन १३०० च्या आसपास लिहिलेली सापडते. गंधकाम्लाच्या आणि मिठाच्या आम्लाच्या नीट समजणाऱ्या कृती सोळाव्या शतकात दिसतात. यातली गंमत अशी, की आम्लराज हे शुद्ध हायड्रोक्लोरिक आम्लाच्या आधीचं आहे. ते कसं, हे प्रश्न ५ मध्ये आहे.

३. ‘आम्लांचा शोध जाबिर इब्न हय्याननं लावला’ असं सगळीकडे वाचलं. हे खरं आहे का?

इतकं सरळ नाही. जाबिर हा आठव्या शतकातला, कूफा शहराशी जोडलेला किमयागार. त्याच्या नावावर शेकडो अरबी लेखन आहे आणि त्यातलं बरंचसं नंतरच्या पिढ्यांनी लिहिलं, असं अभ्यासकांचं मत आहे. युरोपात त्याचं नाव ‘गेबर’ झालं. तेराव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर कुणी लॅटिन लेखकांनी आपले ग्रंथ याच नावानं खपवले. अशा ग्रंथांची अरबी मूळ प्रत मिळालेली नाही. त्यातला सर्वांत गाजलेला ग्रंथ बहुधा तारांतोच्या पॉल नावाच्या फ्रान्सिस्कन साधूचा असावा. नत्राम्लाची प्रसिद्ध कृती याच ‘लॅटिन गेबर’च्या नावावरच्या लेखनात आहे. दोन वेगळ्या माणसांचं नाव एकच झाल्यानं श्रेय पाचशे वर्षं मागे सरकलं.

म्हणून अरबी किमयागारांचं योगदान कमी होत नाही. उलट पाया त्यांचाच. तेहरानजवळच्या रय शहरातल्या अर-राझीनं दहाव्या शतकाच्या सुरुवातीला पदार्थांची वर्गवारी केली. हिराकशीसारखी विट्रिओलं (म्हणजे धातूंची सल्फेटं), मिठं, दगड आणि वाफ होऊन उडणारे पदार्थ त्यानं वेगवेगळे मांडले. ऊर्ध्वपातनाची भांडी, नवसागर आणि विट्रिओलं एकत्र तापवणं, ‘तीक्ष्ण पाणी’ बनवणं हे सगळं त्याच्या कामात आहे. ही परंपरा हाताशी नसती तर लॅटिन लेखकाला काय तापवायचं हेच सुचलं नसतं.

४. हिराकशीतून आम्ल निघतं म्हणजे नेमकं काय होतं?

हिराकस म्हणजे फेरस सल्फेटचे हिरवे खडे. मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात ते तापवले की आधी त्यांतलं पाणी उडतं आणि पांढरट भुकटी उरते. भांडं लालभडक होईपर्यंत आच वाढवली की दाट पांढरा धूर निघू लागतो. तो सल्फर ट्रायऑक्साइड. ओलसर ग्राहकपात्रात तो पाण्याशी मिळाला की जड, तेलासारखा द्रव साठतो. जुन्या लोकांनी त्याला विट्रिओलचं तेल म्हटलं ते या दाटपणामुळे. मागे उरते ती लोखंडाच्या ऑक्साइडची लाल पूड. तीही वाया जात नसे. ती रंगात जायची आणि जवाहीर घासून चकाकी आणायला वापरली जायची.

हे काम फार खर्चिक होतं. हिशेब मांडला तर एक किलो हिराकशीतून जास्तीत जास्त पावणेदोनशे ग्रॅम आम्ल मिळतं, आणि तेही भट्टी दीर्घकाळ धगधगती ठेवून. जर्मनीतल्या हार्ट्झ डोंगराजवळचं नॉर्डहाउझेन हे गाव याच धूर सोडणाऱ्या तीव्र आम्लासाठी प्रसिद्ध होतं. दुसरी वाट म्हणजे काचेच्या घंटेखाली गंधक जाळून तिच्या आतून ओघळणारं आम्ल गोळा करायचं. तेही थेंब थेंबच मिळायचं. मोठ्या प्रमाणावर उत्पादन कसं सुरू झालं, ते प्रश्न १४ मध्ये.

५. नत्राम्लाची जुनी कृती काय होती?

लॅटिन गेबरच्या नावावरची कृती अशी: सायप्रसचं विट्रिओल एक पौंड, सोरा अर्धा पौंड, येमेनची तुरटी पाव पौंड. तिन्ही एकत्र करून ऊर्ध्वपातन करायचं, भांडं लाल होईपर्यंत.

आजच्या रसायनशास्त्राच्या नजरेनं ही कृती चोख आहे. विट्रिओल आणि तुरटी तापल्या की गंधकाम्लाची वाफ देतात, ती सोऱ्यातलं नत्राम्ल बाहेर ढकलते, आणि नत्राम्ल ८३ अंश सेल्सियसलाच उकळत असल्यामुळे ते सहज पुढे निघून जातं. तांबूस-लाल धूर दिसू लागला की आम्ल येतंय, ही कारागिरांची खूण. भांड्यांचे सांधे मातीच्या लेपानं बंद करावे लागत. आपल्याकडच्या रसवैद्यांची कपडमाती तशीच. सांधा उघडा राहिला तर आम्ल वाया जायचं, शिवाय धूर थेट छातीत जायचा.

याच आम्लात पाव पौंड नवसागर विरघळवला तर ते सोनंही विरघळवतं, असं ही कृती पुढे सांगते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. म्हणजे क्लोराइड नवसागरातून आलं आणि आम्लराज तयार झालं. हायड्रोक्लोरिक आम्ल वेगळं बनवता येण्याची वाट पाहावी लागली नाही.

६. सोनं एकट्या नत्राम्लात विरघळत नाही, हायड्रोक्लोरिकमध्येही नाही. मग दोघांच्या मिश्रणात कसं विरघळतं?

नत्राम्ल सोन्याचे अगदी थोडे अणू आयनात बदलू शकतं, पण तिथेच अडतं. मिश्रणातलं क्लोराइड त्या आयनांना लगेच पकडून ठेवतं आणि द्रावणात त्यांची गर्दी होऊच देत नाही. त्यामुळे नत्राम्लाचं काम चालूच राहतं. आज सहसा तीव्र हायड्रोक्लोरिक तीन भाग आणि तीव्र नत्राम्ल एक भाग घेतात. मिश्रण ताजंच वापरावं लागतं. ठेवून दिलं की त्यातून वायू निघून जातात आणि जोर ओसरतो.

७. सोनं आणि चांदी वेगळी करण्यात आम्लानं असा काय फरक पाडला?

माझ्या दृष्टीनं या सगळ्या इतिहासाचं केंद्र हेच आहे. निसर्गातल्या सोन्यात जवळजवळ नेहमी चांदी असते. शिसं घालून तापवलं तर तांबं, कथील वगैरे निघून जातं, चांदी मात्र सोन्याला चिकटून राहते. आम्लाआधीचा उपाय म्हणजे सोन्याचे पातळ पत्रे मिठासोबत मातीच्या भांड्यात कितीतरी तास तापत ठेवणं. मीठ चांदीला क्लोराइड करून ओढून घेतं. तुर्कस्तानातल्या सार्डिसला, लिडियाच्या राजांच्या काळातला, म्हणजे इसवी सनपूर्व सहाव्या शतकातला असा कारखाना उत्खननात सापडला आहे. काम व्हायचं, पण संथपणे.

नत्राम्ल चांदी विरघळवतं आणि सोन्याला सोडून देतं. पंधराव्या शतकात व्हेनिस या कामासाठी नावाजलेलं होतं. १५५६ साली छापल्या गेलेल्या खाणकामावरच्या ग्रंथात जॉर्जियस ॲग्रिकोलानं त्याचं बारकाईनं वर्णन केलं आहे, भट्ट्यांच्या आणि भांड्यांच्या चित्रांसकट.

एक मेख इथे आहे. धातूत सोनं जास्त आणि चांदी कमी असेल तर आम्ल आत शिरतच नाही. सोन्याचे अणू चांदीला झाकून ठेवतात. म्हणून पारखी लोक आधी त्यात मुद्दाम चांदी वितळवून घालत, सोनं एक भाग आणि चांदी तीन भाग होईपर्यंत. मग पत्रा किंवा दाणे करून आम्लात टाकायचे. चांदी निघून जाते आणि तळाशी तपकिरी, भुसभुशीत सोनं उरतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते सोनं वाटत नाही. धुऊन वितळवलं की पिवळं होतं. द्रावणातली चांदी तांब्याचा तुकडा टाकून परत मिळवतात. तांबं विरघळतं, चांदी खाली बसते.

८. आम्लराज सोनंही विरघळवतं, तर चांदीसाठी तेच का वापरत नाहीत?

कारण चांदी आम्लराजात विरघळत नाही. क्लोराइडमुळे तिच्यावर सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा थर बसतो आणि काम थांबतं. सोन्यात चांदी बरीच असेल तर तो थर सोन्यालाही झाकतो.

याच्या उलट बाजूनंही चूक होऊ शकते. नत्राम्लात थोडं जरी मीठ मिसळलेलं असलं तरी ते किंचित आम्लराज बनतं आणि सोनं चोरतं. म्हणून जुने पारखी नवं आम्ल वापरण्याआधी त्यात थोडी चांदी विरघळवत, पांढरा गाळ खाली बसू देत आणि वरचं निवळ आम्ल काढून घेत. क्लोराइड म्हणजे काय हे कुणालाही माहीत नसताना त्यांनी ही युक्ती शोधली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

९. विरघळलेलं सोनं परत मिळतं का?

पूर्ण मिळतं. हिराकशीचं पाणी घातलं की सोनं तपकिरी पूड होऊन खाली बसतं. म्हणजे ज्या हिराकशीतून आम्लांची सुरुवात झाली, तीच सोनं परत देते.

याचं सर्वांत हृद्य उदाहरण विसाव्या शतकातलं आहे. माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल पदकं कोपनहेगनला नील्स बोर यांच्या संस्थेत ठेवलेली होती. जर्मनीबाहेर सोनं नेणं हा नाझी राजवटीत गुन्हा होता आणि पदकांवर नावं कोरलेली होती. १९४० साली जर्मन फौजा शहरात शिरल्या तेव्हा जॉर्ज दे हेवेशी यांनी ती दोन्ही आम्लराजात विरघळवली. बाटली फळीवर तशीच राहिली. युद्ध संपल्यावर त्यातून सोनं काढलं आणि नोबेल प्रतिष्ठाननं त्याची पुन्हा पदकं घडवली.

१०. आपल्या रसशास्त्रात आम्लं होती का? काही जण म्हणतात सगळं आधीच होतं, काही म्हणतात काहीच नव्हतं.

दोन्ही टोकं चुकीची आहेत. रसग्रंथांत ‘अम्लवर्ग’ नावाचा वनस्पतिज आम्लांचा गट आहे: लिंबू, महाळुंग, चिंच, बोर, डाळिंब, अम्लवेतस आणि चणकाम्ल. चणकाम्ल म्हणजे हरभऱ्याची आंब. पहाटे पिकावर फडकी अंथरून दवाबरोबर ती गोळा करतात. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना हे सांगायला नको. धातू शुद्ध करणं, पारा खलणं यांसाठी ही आंब आणि कांजी सतत लागायची.

बाराव्या शतकाच्या आसपासच्या रसार्णवात ‘विड’ नावाच्या मिश्रणांचं वर्णन आहे. धातू ‘जिरवण्यासाठी’ ती वापरत आणि त्यांतल्या एकात हिराकस, सैंधव, गंधक एकत्र येतात. हे तापलं की आम्लाची वाफ निघू शकते, हे रसायनशास्त्राला पटतं. पण वाफ निघणं वेगळं, आणि ती गार करून बाटलीत भरणं वेगळं. दुसरी गोष्ट आपल्याकडे स्पष्ट दिसते ती सोळाव्या शतकाच्या सुमाराला, ‘शंखद्राव’ या नावानं. तुरटी, सोरा, नवसागर, हिराकस आणि मिठं यांचं ऊर्ध्वपातन करून मिळणारा, शंखही विरघळवणारा द्रव. त्यात काय तयार होत असेल ते प्रश्न ५ वाचलात तर लगेच ओळखाल. प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ आणि १९०९ साली भारतीय रसायनाच्या इतिहासाचे दोन खंड काढले. हस्तलिखितं समोर ठेवून हा विषय त्यांत नीट मांडलेला आहे. अभिमान बाळगायचा तर तो अशा पुराव्यानिशी बाळगावा, असं मला वाटतं.

११. क्लिओपात्रानं व्हिनेगरमध्ये मोती विरघळवून प्यायला, ही गोष्ट शक्य आहे का?

शक्य आहे, फक्त जेवणाच्या ताटावर लगेच नाही. गोष्ट रोमन लेखक प्लिनीनं सांगितली आहे. मोती हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे तो व्हिनेगरमध्ये विरघळतो. अखंड मोत्याला मात्र एका दिवसाहून जास्त वेळ लागतो. कुटून पूड केली तर काम खूप लवकर होतं.

१२. चित्रकारांचा आम्लाशी काय संबंध?

फार जवळचा. चिलखतांवर नक्षी काढणारे कारागीर व्हिनेगर, मीठ, जंगाल, नवसागर यांच्या मिश्रणांनी लोखंडावर खाचा पाडत असत. त्यांच्यातलाच आउग्सबुर्गचा डानिएल होप्फर. त्यानं १५०० च्या सुमारास ही युक्ती कागदावर छापण्यासाठी वापरली. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं रेघा ओढायच्या, पत्रा आम्लात बुडवायचा. जिथे मेण निघालं तिथे धातू खाल्ला जातो, त्या खाचेत शाई बसते. उर्स ग्राफची १५१३ सालची छापचित्राची प्रत ही तारीख असलेली सर्वांत जुनी मानतात. ड्यूररनं १५१५ ते १५१८ या काळात लोखंडावर काही चित्रं केली. लोखंड गंजतं आणि रेघ खडबडीत येते, म्हणून पुढे तांबं आलं. रेम्ब्रांटची ३०० च्या आसपास छापचित्रं तांब्यावरचीच आहेत.

ज्यांना छिन्नी-कोरणी धरता येत नव्हती, त्यांना आम्लानं पेन्सिलीसारखी मोकळी रेघ दिली. बुडवण्याचा वेळ बदलला की रेघेची खोली बदलते, त्यामुळे एकाच पत्र्यावर दूरचं आकाश फिकं आणि जवळचं झाड गडद करता येतं.

१३. कापड रंगवण्यात आणि काचेत आम्लं कुठे आली?

तीन ठळक ठिकाणी. पहिलं, किरमिजी किड्यापासून मिळणारा लाल रंग. आम्लात विरघळवलेलं कथील त्यात मिसळलं की लोकरीवर झळझळीत शेंदरी लाल बसतो. ही रंगाई सतराव्या शतकातल्या कॉर्नेलिस ड्रेबेलच्या नावावर सांगितली जाते. दुसरं, ‘सॅक्सन निळा’: १७४० च्या सुमारास नीळ गंधकाम्लात विरघळवून लोकर-रेशीम रंगवणं सुरू झालं. तो रंग निळीच्या कुंडातल्या रंगाइतका पक्का नसे. तिसरं, आम्लराजातल्या सोन्यात कथिलाचं द्रावण घालून मिळणारा, काच लाल करायला वापरला जाणारा जांभळा गाळ. सोन्यानं माणकासारखी लाल होणारी काच योहान कुंकेलनं सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉट्सडॅमला घडवली.

१४. आम्लं स्वस्त कधी झाली?

योहान ग्लाउबर (१६०४–१६७०) यानं मीठ किंवा सोरा गंधकाम्लासोबत तापवून अनुक्रमे हायड्रोक्लोरिक आणि नत्राम्ल काढलं. म्हणजे गंधकाम्ल स्वस्त झालं की बाकीची दोन्ही आपोआप स्वस्त होणार. १७३६ साली जोशुआ वॉर्डनं लंडनजवळ मोठमोठ्या काचेच्या गोलांत गंधक आणि सोरा जाळायला सुरुवात केली. काचेचे गोल फुटत. १७४६ साली जॉन रोबकनं बर्मिंगहॅमला त्याऐवजी शिशाच्या पत्र्याच्या खोल्या बांधल्या. गंधकाम्लामुळे शिशावर लेड सल्फेटचा न विरघळणारा थर बसतो आणि तोच पत्र्याला वाचवतो. आम्ल फार तीव्र आणि गरम असेल तर हे संरक्षण टिकत नाही, म्हणून खोलीतलं आम्ल बाहेर काढून वेगळं आटवावं लागे.

तागाचं कापड शुभ्र करायला तेव्हा आंबट दूध लागायचं आणि आठवडेच्या आठवडे जायचे. १७५६ साली फ्रान्सिस होमनं पातळ गंधकाम्ल सुचवलं आणि तेच काम काही तासांवर आलं.

१५. सगळं विरघळवणारं ‘अल्काहेस्ट’ खरंच होतं का?

नाही. सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्सस या वैद्य-किमयागारानं हा शब्द वापरला आणि त्याच्यानंतरच्या फान हेल्मोंट या किमयागारानं त्याला सर्व पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवाचा अर्थ दिला. सगळं विरघळवणारा द्रव ठेवायचा कशात, असा प्रश्न कुंकेलनं विचारला. त्याला समाधानकारक उत्तर मिळालं नाही.

१६. बेसिल व्हॅलेंटाइन हा पंधराव्या शतकातला साधू, आणि त्याला गंधकाम्ल, हायड्रोक्लोरिक सगळं माहीत होतं म्हणे?

त्या नावाचे ग्रंथ १६०० च्या आसपास योहान ट्योल्डे यानं छापले. पंधराव्या शतकात असा साधू होऊन गेल्याचा पुरावा नाही. मजकूर छापला गेला त्याच काळातला धरावा. प्रश्न ३ मधल्या गेबरसारखीच ही गोष्ट आहे.

१७. विटा-खानापूर भागातले गलाईवाले आजही हेच करतात का?

मूळ रसायन तेच. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातली कुटुंबं कामासाठी बाहेर पडली आणि केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत गावोगावच्या सराफ बाजारांत सोन्या-चांदीची गलाई, म्हणजे वितळवून शुद्ध करण्याचं काम, करू लागली. जुने दागिने, झारेकऱ्यांनी धुऊन काढलेली दुकानांतली माती, या सगळ्यातून शुद्ध धातू काढताना तेजाब म्हणजे आम्ल लागतंच. जास्त चांदीच्या मालाला नत्राम्ल आणि जास्त सोन्याच्या मालाला आम्लराज. या निवडीमागचं कारण प्रश्न ७ आणि ८ मध्ये आलं आहे. मोठ्या रिफायनऱ्यांत वितळलेल्या सोन्यातून क्लोरीन वायू सोडणं किंवा विद्युत् अपघटन या एकोणिसाव्या शतकातल्या पद्धती वापरतात.

लहान खोलीत आम्लाचं काम करणाऱ्यांनी तांबूस-लाल धुराबद्दल सावध असावं. हा नायट्रोजन डायऑक्साइड. श्वासात गेल्यावर लगेच फारसं काही जाणवत नाही आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. धूर लागला असेल तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरांकडे जावं. धूर ओढून पाण्यात धुणारी यंत्रणा हवीच.

१८. यातलं काही घरी करून पाहता येईल का?

खनिज आम्लांपैकी काहीही नको. २०१३ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर त्यांच्या खुल्या विक्रीवर निर्बंधही आहेत आणि ते योग्यच आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेत काम करत असाल तर आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीही नाही. गंधकाम्ल इतकी उष्णता देतं की वर ओतलेलं पाणी उसळून अंगावर येतं.

व्हिनेगर आणि लिंबू मात्र खुशाल वापरा. शिंपल्याचा तुकडा व्हिनेगरमध्ये ठेवला की बुडबुडे लगेच दिसतात. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून ते पाणी दोन पेल्यांत घ्या. एकात लिंबू पिळा, ते गडद गुलाबी होईल. दुसऱ्यात खायचा सोडा घाला, ते हिरवट होईल. रॉबर्ट बॉइलनं १६६४ साली व्हायोलेट फुलांच्या सरबतानं हाच फरक नोंदवला आणि आम्ल ओळखायला जिभेची गरज उरली नाही.